फुटबॉलपटू घडवण्याचं बिल कोण भरतं?

९ जुलै २०२४. युरो स्पर्धेचा उपांत्य सामना, समोर फ्रान्स. स्पेनच्या लामिन यमालने बॉक्सच्या बाहेरून चेंडू असा वळवून मारला की तो खांबाला आतून लागून जाळ्यात गेला. त्याचा सतरावा वाढदिवस तेव्हा चार दिवसांवर आला होता. स्पर्धेला येताना त्याने शाळेचा अभ्यासही बरोबर आणला होता.

त्या रात्री कितीतरी घरांत एक हिशेब मांडला गेला असेल: ‘आमचा आता अकराचा आहे. म्हणजे हातात पाच वर्षं आहेत.’

हा हिशेब करणाऱ्यांना मी हसत नाही. ज्याचं पोर बरं खेळतं, त्याला तो सुटत नाही. पण त्यात एक गोष्ट धरलेली नसते. यमाल सात वर्षांचा असताना, २०१४ मध्ये, बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ अकादमीत दाखल झाला. तिथून पुढे त्याला शिकवण्याचा खर्च एका श्रीमंत क्लबाने उचलला. का उचलला? त्या क्लबाला त्यातून काय मिळणार होतं? आणि त्याच वर्षी त्याच्याबरोबर आत गेलेल्या बाकीच्या मुलांच्या खर्चाचं काय झालं?

फुटबॉलमध्ये गुणी पोरगा पुढे कसा जातो हे समजून घ्यायचं, तर प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: इथे पैसे कोण भरतंय? त्याचं उत्तर मिळालं की त्या ठिकाणी मुलाकडे कोणत्या नजरेने बघितलं जातं, तेही कळतं.

आधी रस्ता समजून घेऊ

बहुतेक फुटबॉलप्रधान देशांत वाट साधारण अशी असते. सहा-सात ते अकरा या वयात मूल गावातल्या, वस्तीतल्या क्लबात खेळतं. याच काळात व्यावसायिक क्लबांचे स्काउट, म्हणजे गुणी मुलं हेरणारी माणसं, मैदानाच्या कडेला येऊन उभी राहतात. पसंत पडलेल्या मुलाला ट्रायलला बोलावतात आणि ट्रायल जमली तर अकादमीत घेतात. अकादमी म्हणजे क्लबाची स्वतःची शाळा, फक्त विषय फुटबॉल. बारा ते सोळा हा खऱ्या शिक्षणाचा काळ. सोळाव्या वर्षी मोठा निर्णय होतो: ठेवायचं की सोडायचं. ठेवलेल्यांपैकी काहींना सतरा-अठराव्या वर्षी व्यावसायिक करार मिळतो. त्यातले थोडे एकविशीपर्यंत पहिल्या संघाच्या आसपास टिकतात.

इंग्लंडने २०१२ मध्ये ही सगळी व्यवस्था नव्याने बांधली. अकादम्यांना एक ते चार अशा श्रेणी दिल्या. किती प्रशिक्षक हवेत, आठवड्याला किती तास सराव, शाळेची सोय कशी, हे सगळं श्रेणीनुसार ठरवून दिलं. मुलांचे तीन वयोगट केले: अकरापर्यंतचा पायाभरणीचा, सोळापर्यंतचा घडणीचा आणि त्यापुढचा व्यावसायिक.

लोक याला शिडी म्हणतात. मला चाळणी हा शब्द जास्त बरोबर वाटतो. शिडीवर तुम्ही चढलात की पायरी तुमची. इथे दर हंगामाच्या शेवटी सगळ्यांना पुन्हा चाळणीत घालतात. नवव्या वर्षी निवड झाली म्हणजे दहाव्याची खात्री नाही.

साधा हिशेब करा. मोठ्या क्लबाच्या पहिल्या संघात पंचवीस-एक खेळाडू असतात. चांगला खेळाडू आपली जागा दहा वर्षं अडवून ठेवतो. म्हणजे वर्षाला दोन-तीन जागा मोकळ्या होतात. त्यांवरही अख्ख्या जगातून तयार खेळाडू विकत आणता येतो. आणि अकादमीच्या प्रत्येक वयोगटात पंधरा-वीस मुलं. एका बॅचमधून एक पोरगा वर पोहोचला तरी प्रशिक्षक खूश असतात. बॅच वाया गेली असं तिथे कुणी म्हणत नाही. वाया गेल्यासारखं वाटतं ते उरलेल्या घरांना.

चार दारं, चार खजिनदार

पहिलं दार व्यावसायिक क्लबाच्या अकादमीचं. इथे खर्च क्लबाचा. मूल म्हणजे गुंतवणूक. प्रशिक्षक उत्तम, मैदान उत्तम, फिजिओ हाताशी. आणि गुंतवणूक फळणार नाही असं वाटलं की हात काढून घ्यायचीही तेवढीच घाई.

दुसरं दार देशाच्या महासंघाचं. फ्रान्सने पॅरिसजवळ क्लेरफोंतेनला १९८८ मध्ये राष्ट्रीय केंद्र उघडलं. पॅरिस परिसरातली तेरा ते पंधरा वयाची निवडक मुलं तिथे आठवडाभर राहतात, शाळा शिकतात, रोज सराव करतात आणि शनिवार-रविवारी घरी जाऊन आपापल्या क्लबाकडून खेळतात. थिएरी ऑन्री तिथलाच, किलियन एमबाप्पेही तिथलाच. जर्मनीने धडा घेतला तो मार खाऊन. युरो २००० मध्ये ते गटातच गारद झाले. त्यानंतर वरच्या दोन्ही लीगमधल्या क्लबांना अकादमी सक्तीची झाली आणि महासंघाने देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उघडली, म्हणजे मोठ्या क्लबापासून दूर राहणारं पोरही नजरेतून सुटू नये. २०१४ चा विश्वचषक त्यांनी जिंकला, त्या संघातले बरेचसे खेळाडू याच व्यवस्थेत वाढले होते. आइसलँडची कथा आणखी मजेशीर आहे. जेमतेम साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती आणि हिवाळ्यात मैदानावर पाय ठेवायची सोय नाही. त्यांनी छप्पर असलेली मैदानं बांधली आणि छोट्या मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक दिले. २०१६ च्या युरोमध्ये त्यांनी इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं.

महासंघाला मुलातून नफा काढायचा नसतो, राष्ट्रीय संघ काढायचा असतो. म्हणून उशिरा उमलणाऱ्या मुलासाठी थांबायची तयारी तिथे थोडी जास्त असते.

तिसरं दार निवासी शिष्यवृत्तीचं. घानामध्ये मँचेस्टर युनायटेडचे माजी स्काउट टॉम व्हर्नन यांनी १९९९ मध्ये ‘राइट टू ड्रीम’ सुरू केली. राहणं, शाळा, खेळ सगळं संस्थेकडे. पुढे याच संस्थेने डेन्मार्कमधला नॉर्शेलँड हा क्लबच ताब्यात घेतला, म्हणजे मुलांना युरोपात पहिली नोकरी देणारं घर आपलंच. मोहम्मद कुदुस याच वाटेने नॉर्शेलँडला, तिथून आयाक्सला आणि मग इंग्लंडला गेला. धर्मादाय आणि धंदा यांची सरमिसळ इथे आहे, आणि ती झाकलेली नाही हे मला बरं वाटतं.

चौथं दार पालकांच्या खिशातून उघडतं. यावर जरा जास्त बोलायला हवं.

‘पैसे भरा, खेळा’

अमेरिकेत मुलांचं संघटित फुटबॉल बराच काळ याच तत्त्वावर चाललं आणि आजही पुष्कळ ठिकाणी चालतं. क्लबाची वार्षिक फी, गणवेश, स्पर्धांची फी, विमानप्रवास, हॉटेल. देश इतका पसरलेला की तोडीचा संघ शोधायला दुसऱ्या राज्यात जावं लागतं. शिवाय स्पर्धा अशा ठेवायच्या की कॉलेजांचे प्रशिक्षक बघायला येतील. त्यांना दिसण्यासाठी आणखी वेगळे पैसे.

असं का झालं? बाकी जगात छोट्या क्लबाने घडवलेला खेळाडू मोठ्या क्लबात गेला की छोट्याला पैसे मिळतात (ते कसे, हे पुढे येतंय). अमेरिकेत कायदेशीर कारणं पुढे करून ही व्यवस्था वर्षानुवर्षं बाजूला ठेवली गेली. तिथल्या व्यावसायिक लीगने, एमएलएसने, असे पैसे मागण्याची भूमिका घेतली ती २०१९ मध्ये. तोवर मुलांच्या क्लबाकडे उत्पन्नाचा खात्रीचा स्रोत एकच होता: पालक. आणि जो पैसे देतो, त्याला खूश ठेवावंच लागतं.

याचे परिणाम दोन. फी परवडत नाही असं पोर दारातूनच परत जातं. हे उघड दिसतं. दुसरा परिणाम कमी दिसतो. ज्या क्लबाचं पोट फीवर भरतं, त्याला ‘तुमच्या मुलात ते नाही’ असं सांगणं परवडत नाही. त्याऐवजी ‘ब’ संघ, ‘क’ संघ, जादा शिबिर, खासगी शिकवणी, उन्हाळी दौरा असे नवे नवे पर्याय निघत जातात. यात कुणी लबाड असतोच असं नाही. बहुतेक प्रशिक्षक मनापासून शिकवतात. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला याची गरज नाही’ असं सांगायचं, याला काळीज लागतं.

एमएलएसचे क्लब आता स्वतःच्या अकादम्या चालवतात आणि त्यातल्या बऱ्याच मोफत आहेत, त्यामुळे चित्र थोडं बदललंय. पण अकादमीच्या दारापर्यंत पोहोचायचा रस्ता अजून टोलाचाच आहे.

मग जास्त पैसे ओतले तर शक्यता वाढते का?

थोडी वाढते, पण पैशाने काय विकत मिळतं ते बघा. चांगला प्रशिक्षक, चांगलं मैदान, तोडीचे प्रतिस्पर्धी या तीन गोष्टींना खरी किंमत आहे. महागडे बूट, परदेशी नावाचं आठवडाभराचं शिबिर, प्रमाणपत्र, मुलाचा व्हिडिओ कापून-जोडून देणारा माणूस यांना फारशी नाही.

आणि लहान वयात सगळ्यात मोलाची गोष्ट जवळपास फुकट असते: चेंडूला पाय लागण्याची संख्या. एकदा शांतपणे मोजून बघा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा पूर्ण मैदानावरचा सामना असला की एखाद्या मुलाकडे दहा मिनिटांत दोन-तीनदाच चेंडू येतो. बाकी वेळ तो पळतो, किंवा गवत उपटतो. त्याच मुलाला चौघे बाहेर आणि दोघे मधे अशा छोट्या चौकोनात टाका, जिथे बाहेरच्यांनी चेंडू फिरवायचा आणि मधल्यांनी तो पळवायचा. मिनिटाभरात त्याला पाच वेळा ठरवावं लागतं: कुठे बघू, कोणत्या पायाने घेऊ, कुणाला देऊ. याला रोंडो म्हणतात आणि जगातले सर्वांत महागडे संघही रोजचा सराव यानेच सुरू करतात. त्याला लागतो एक चेंडू, चार खुणा आणि सहा पोरं.

‘पण क्लबाची अकादमी तर फुकट असते!’

फी नसते, हे खरं. खर्च असतो.

एखाद्या अकादमीतल्या तेरा वर्षांच्या मुलाचा मंगळवार घ्या. शाळा सुटते तेव्हा दारात आई गाडी घेऊन उभी असते, त्यासाठी ती कामावरून दीड तास आधी निघालेली असते. मुलगा मागच्या सीटवर कपडे बदलतो, तिथेच जेवतो, तिथेच गणिताची दोन उदाहरणं सोडवतो. तासाभराचा रस्ता. दीड-दोन तासांचा सराव, तोवर आई गाडीतच. मग परतीचा रस्ता, घरी पोचायला रात्र. धाकट्या बहिणीचा आठवडा याच वेळापत्रकावर बेतलेला असतो, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. असे आठवड्यात तीन-चार दिवस, शिवाय शनिवार-रविवारचा सामना. दहा वर्षं नाही म्हटलं तरी सहा-सात.

इंधन, सुटलेला ओव्हरटाइम, दर सहा महिन्यांनी लहान होणारे बूट. या खर्चाची पावती कुठे मिळत नाही, म्हणून तो मोजला जात नाही. एकच पालक असलेल्या किंवा पाळीत काम करणाऱ्या घराला हा मोफत प्रवेशही परवडत नाही. गुण कमी होता म्हणून नाही, संध्याकाळी साडेचारला गाडी नव्हती म्हणून पोर मागे पडतं.

आणखी एक किंमत शरीराची. भरभर उंची वाढण्याचा काळ मुलांत साधारण चौदाच्या आसपास येतो, मुलींत त्याआधी दोन वर्षं. तेव्हा हाडं पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात. गुडघ्याच्या खाली, टाचेत दुखणी सुरू होतात. याच वयात बरेच जण अकादमीत एक आणि शाळेच्या संघात दुसरा असा दुहेरी भार उचलतात. मुलींच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण तर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्या असं सांगितलं की काही पालक माझ्याकडे असं बघतात, जसं मी त्याचं करिअर चोरतोय.

चाळणीची भोकं वाकडी आहेत

क्लबाच्या चौदा वर्षांखालच्या संघाची यादी मिळाली तर जन्मतारखांपुढे फक्त महिने लिहून काढा. वयोगट जिथून मोजला जातो त्या तारखेनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत जन्मलेली मुलं तुम्हाला जास्त दिसतील आणि शेवटच्या महिन्यांतली थोडी. जगभर हेच दिसतं. कारण साधं आहे. नऊ वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळपास दहावा भाग. मोठं पोर जरा उंच असतं, जरा वेगाने पळतं, म्हणून निवडलं जातं. निवडल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो आणि दोन वर्षांनी ते खरंच चांगलं खेळायला लागतं. मग स्काउट म्हणतो, बघा, माझी नजर.

इंग्लंडमध्ये वयोगट सप्टेंबरपासून मोजतात. हॅरी केनचा जन्म जुलैअखेरचा, म्हणजे वर्गातल्या धाकट्यांपैकी एक. आठ-नऊ वर्षांचा असताना आर्सेनलने त्याला सोडून दिलं. पुढे तोच इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला, तोही आर्सेनलच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून, टॉटनहॅमकडून खेळताना. आंत्वान ग्रीझमनला उंची कमी म्हणून फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं आणि स्पेनच्या रेआल सोसिएदादने घेतलं. लुका मोद्रिचलाही लहानपणी ‘फारच बारका’ म्हणून हायदुक स्प्लिट या क्लबाने परत पाठवलं होतं.

यावर उपाय निघालेत. काही ठिकाणी मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून खेळवतात. म्हणजे लवकर वाढलेलं पोर आपल्याएवढ्याच दांडग्या मुलांसमोर येतं आणि त्याला पहिल्यांदाच डोकं वापरावं लागतं. नॉर्वेने तर १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केलेत. अकरा वर्षांखाली गुणतक्ते नाहीत, लहानपणी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. अशाने खेळाडू मऊ होतात असा आक्षेप घेतला जातो. एर्लिंग हालांड याच नियमांखाली वाढला, सोळाव्या वर्षापर्यंत ब्रूने नावाच्या छोट्या गावातल्या क्लबात. त्याच्या अंगावर आदळलेल्या बचावपटूंना मऊपणाबद्दल विचारावं.

क्लब इतका खर्च का करतात?

याचं एक उत्तर म्हणजे तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा घरचा स्वस्त पडतो. दुसरं उत्तर फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत आहे. दोन शब्द समजून घेऊ, जास्त नाही.

पहिला, प्रशिक्षण भरपाई. मुलाने परक्या देशातल्या क्लबाशी पहिला व्यावसायिक करार केला, किंवा तेविसाव्या वर्षापर्यंत व्यावसायिक म्हणून दुसऱ्या देशात गेला, तर त्याला बारा ते एकवीस या वयात घडवणाऱ्या क्लबाला नव्या क्लबाने शिकवणीचा खर्च द्यायचा. रक्कम नव्या क्लबाच्या श्रेणीवर ठरते. युरोपात सर्वांत वरच्या श्रेणीला वर्षाला ९०,००० युरो, सर्वांत खालच्या श्रेणीला १०,०००. बारा ते पंधरा या वर्षांसाठी मात्र खालचाच दर लावतात. बाजार महाग होऊन कोवळ्या मुलांना कुणी घेईनासं होऊ नये, म्हणून.

दुसरा, सॉलिडॅरिटीचा वाटा. खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला, की विक्रीच्या रकमेतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या सगळ्या क्लबांत वाटायचे. समजा सौदा १ कोटी युरोचा. त्यातले ५ लाख वाटपाला. बारा ते पंधरा या चार हंगामांचे प्रत्येकी २५,००० आणि सोळापासून पुढे प्रत्येक हंगामाचे ५०,०००. म्हणजे ज्या वस्तीच्या क्लबाने त्या पोराला बारा ते पंधरा सांभाळलं, त्याला १ लाख युरो. अशा क्लबाच्या मैदानाला दिवे लागायला तेवढे पुरतात. आणि हा वाटा एकदाच मिळत नाही, खेळाडू पुन्हा असा विकला गेला की पुन्हा.

बारा वर्षांच्या आत ज्याने शिकवलं, त्याला यातलं काहीच नाही. पहिल्यांदा पायात चेंडू देणारा मास्तर हिशेबाच्या बाहेर.

इथे नेहमी विचारलं जातं: क्लबांना पैसे, मग आम्हा पालकांना का नाही? प्रश्न रास्त आहे, विशेषतः जिथे फी पालकांनीच भरली होती. नियमाचं म्हणणं असं की हा पैसा एका मुलाच्या खर्चाचा परतावा नाही. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ऑलिव्हिए बर्नार या खेळाडूच्या खटल्यात हेच मांडलं. ल्यॉन क्लबाने त्याला घडवलं आणि तो करार न करता इंग्लंडला न्यूकॅसलकडे निघून गेला. न्यायालय म्हणालं, क्लबाला भरपाई मागता येईल. ती खऱ्या खर्चाशी जुळणारी हवी, पण त्या खर्चात कधीच व्यावसायिक न झालेल्या मुलांवरचा खर्चही धरता येईल. म्हणजे शेतकरी जसा उगवलेल्या पिकातून न उगवलेल्या बियाण्याचीही किंमत काढतो, तसंच. अकादमीतून घरी पाठवलेल्या पोरांचं बिल शेवटी एका यशस्वी पोराच्या विक्रीतून फेडलं जातं.

मुलींबाबत एक फरक. महिलांच्या फुटबॉलला प्रशिक्षण भरपाईचा नियम लागू केला गेला नाही. बाजार लहान आहे, भरपाईच्या ओझ्याने मुलींना करार मिळणं अवघड होईल, असा युक्तिवाद त्यामागे होता. त्याची दुसरी बाजू अशी की मुलींवर खर्च करणाऱ्या छोट्या क्लबाला ही भरपाई मिळत नाही, आणि मग खर्च पुन्हा घरावर येतो.

लवकर परदेशी पाठवलं तर?

मेस्सी तेराव्या वर्षी अर्जेंटिनातून बार्सिलोनाला गेला, क्लबाने त्याच्या वाढीच्या उपचारांचा खर्च उचलला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती २००० सालची. २००१ पासून फिफाने नियम कडक केले. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी करायला बंदी, काही अपवाद सोडून. आई-वडील फुटबॉलव्यतिरिक्त कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर चालतं. युरोपीय संघाच्या आतल्या आत सोळा ते अठरा वयात चालतं, पण शिक्षणाची हमी देऊन. घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तरीही चालतं.

हा नियम कागदावरचा नाही. २०१४ मध्ये फिफाने बार्सिलोनालाच याच कारणासाठी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या दोन हंगामांत नवे खेळाडू घ्यायला बंदी केली. जपानचा ताकेफुसा कुबो तेव्हा ला मासियात होता. सामने खेळता येईनात, म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी त्याला जपानला परतावं लागलं. अठरा पूर्ण होताच २०१९ मध्ये तो स्पेनला परत आला, रेआल माद्रिदकडे. उलट अमेरिकेचा क्रिस्टियन पुलिसिक सोळाव्या वर्षीच जर्मनीत डॉर्टमुंडला खेळू शकला, कारण आजोबांमुळे त्याला क्रोएशियाचा, म्हणजे युरोपीय संघातला, पासपोर्ट मिळाला. इथे गुणाइतकाच आजोबाही कामाला येतो.

म्हणून कुणी पंधरा वर्षांच्या मुलासाठी ‘युरोपात ट्रायल पक्की, फक्त तिकीट आणि कागदपत्रांचे पैसे द्या’ म्हणाला, तर आधी हा नियम आठवा. पैसे घेऊन परक्या विमानतळावर मुलाला सोडून देणारे दलाल ही कल्पना नाही. पश्चिम आफ्रिकेतली कितीतरी मुलं अशी अडकली. खऱ्या एजंटला फिफाचा परवाना लागतो, अल्पवयीन मुलाशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती लागते, आणि त्याचं उत्पन्न झालेल्या करारातून येतं. ट्रायलसाठी आगाऊ रक्कम मागणारा माणूस तुमचाच पैसा कमावतोय. आणखी एक माहीत असू द्या: फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. पाच वर्षांचा कागद कुणी पुढे केला तर सही करू नका.

आणि सोडून दिलं तर?

बहुतेकांना सोडलंच जातं, म्हणून हा प्रश्न अपवादाचा नाही. मुलाला बोलावतात, समोर दोन प्रशिक्षक, बाजूला पालक. बोलणं पाच-दहा मिनिटांचं असतं. ‘तुझी प्रगती चांगली आहे, पण…’ या ‘पण’नंतरचं मुलाला काही ऐकू येत नाही. नवव्या वर्षापासून शाळेत त्याची ओळख ‘तो अमुक क्लबाचा’ हीच असते. ती त्या खोलीत संपते.

काही क्लब आता याची जबाबदारी घेऊ लागलेत. इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसने सोडलेल्या तरुणांना पुढची तीन वर्षं साथ देणारी योजना सुरू केली. नोकरी, शिक्षण, दुसरा क्लब, मन मोकळं करायला माणूस. अमेरिकेत कॉलेजची वाट हा मोठा आधार आहे, खासकरून मुलींना. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना खेळात समान संधी देणं भाग पडलं, त्यातून शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या आणि त्या पायावर अमेरिकेच्या महिलांनी चार विश्वचषक जिंकले.

दुसरी संधी कधी कधी येते. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे या क्लबाने सोळाव्या वर्षी सोडलं. तो आठवड्याला ३० पौंडांवर एका छोट्या अर्धव्यावसायिक संघाकडून खेळला, कारखान्यात काम केलं, आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. ही गोष्ट धीर द्यायला सांगावी, योजना म्हणून सांगू नये. शाळा चालू ठेवली तर खेळावरचं लक्ष उडतं, असं म्हणणाऱ्यांनी यमालच्या बॅगेतली पुस्तकं आठवावीत. क्लेरफोंतेनच्या वेळापत्रकातही शाळा आहेच.

छोट्या क्लबाने एवढं करावं

वरचा ५ टक्क्यांचा हिशेब कितीतरी क्लबांपर्यंत पोहोचतच नसे. विक्री झाल्याचं कळायचं नाही, कळलं तर दावा कसा करायचा हे ठाऊक नसायचं, आणि दोन वर्षं उलटली की हक्क बुडायचा. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाने पॅरिसला एक क्लिअरिंग हाउस सुरू केलंय. खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या क्लबात होता, याचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो आणि पैसे तिथूनच वाटले जातात.

पण हा पासपोर्ट बनतो महासंघाकडच्या नोंदीवरून. बाराव्या वर्षी पोराचं नाव क्लबाच्या सेक्रेटरीने वहीत लिहिलं आणि अधिकृत नोंदणी ‘पुढच्या हंगामात करू’ म्हणून राहिली, तर ते वर्ष पासपोर्टात कोरं. बारा वर्षांनी तोच मुलगा कोट्यवधींना विकला जाईल तेव्हा त्या कोऱ्या वर्षाचे पैसे मागायला सेक्रेटरीकडे ती वही आणि संघाचा एक जुना फोटो असेल, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा.